शाळेतला एकटा ग्रंथपाल

संशयी : सर, पुढच्या परिषदेला या, असं तुम्ही तिसऱ्यांदा म्हणताय. नुसतं नाही म्हटलं तर तुम्हाला वाटेल, बाईंना आता शिकायचा कंटाळा आला. तसं नाही, म्हणून सविस्तर सांगते. मी 22 वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळतेय, त्यातली 14 अर्धवेळ. या काळात जमतील तितक्या परिषदा, कार्यशाळा, चर्चासत्रं केली. बहुतेक स्वखर्चानं, कारण शाळेकडे त्यासाठी तरतूद नव्हती. तिथं काय ऐकलं? संशोधन नियतकालिकांचे डेटाबेस, प्रबंधांची साठवण, कुठल्या लेखाचा कुणी किती वेळा संदर्भ घेतला याची मोजणी. बोलणारी माणसं मोठी होती, अभ्यासू होती. पण ती विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून आलेली होती. मी मनापासून ऐकलं, टिपणंही काढली. सोमवारी शाळेत परतले की समोर सहावी ब उभी. 58 मुलं, 35 मिनिटांची तासिका आणि मी एकटी. पुस्तकं बदलून द्यायची, नोंदी करायच्या, दोघांची भांडणं सोडवायची आणि वर्गातल्या एकाला तरी वाचायची गोडी लागेल असं काही करायचं. त्या 35 मिनिटांबद्दल दोन दिवसांत कुणी अवाक्षर काढलेलं नसतं. एकदा तर पूर्ण दिवस ग्रंथालय संगणकीकरण शिकवलं. आमच्याकडे संगणक होता तो कार्यालयात, पगारबिलांच्या आणि सरकारला द्यायच्या युडायस माहितीच्या कामाला जुंपलेला. हे सगळं बघितल्यावर मला प्रश्न पडतो की आमच्यासारख्यांनी तिथं जावं ते नेमकं कशासाठी?

आग्रही : तुमची तक्रार खरी आहे, पण ती परिषदेत काय असतं याबद्दलची आहे. परिषद असावी की नसावी, हा प्रश्न वेगळा. शाळेकडे जरा माझ्या नजरेनं बघा. गणिताचे चार शिक्षक असतात. एखादं प्रमेय मुलांना समजत नसेल तर मधल्या सुट्टीत डबा खाताना एकमेकांना विचारतात. चुकलं तर दुसरा टोकतो. ग्रंथपाल शाळेत एकच असतो. त्याचं काम काय हे मुख्याध्यापकांना पुरतं ठाऊक नसतं, सहकाऱ्यांना नसतं. त्यामुळे त्याची चूक वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि त्यानं काही उत्तम केलं तरी ते त्या खोलीबाहेर जात नाही. माझंच सांगतो. पहिली सात वर्षं मी गोष्टींची पुस्तकं ड्युई दशांश पद्धतीनं लावत होतो. वर्गात शिकलो होतो तसं, अगदी निष्ठेनं. मराठी कथा-कादंबरी म्हणजे 891.463. पण शाळेत तीन चतुर्थांश साठा त्याच आकड्याखाली येतो! पाचवीच्या मुलानं वाचायची 16 पानी चित्रकथा आणि दहावीच्या मुलीनं वाचायची 300 पानी कादंबरी शेजारी शेजारी, दोन्हींच्या कण्यावर एकच आकडा. पाचवीची मुलं जाड पुस्तक उचलायची, दोन दिवसांनी न वाचता परत आणायची, आणि मी समजायचो की मुलांना वाचनाची आवड नाही. एका कार्यशाळेत प्राथमिक शाळेतल्या बाई भेटल्या. त्या कण्यावर आकड्याच्या वर रंगीत कागदाची पट्टी लावत. ओळी कमी आणि अक्षर मोठं असेल तर पिवळी, मग हिरवी, मग निळी. मूल रंग बघून स्वतःच ठरवतं. मी तसं करून पाहिलं आणि एका सत्रात पाचवीची देवघेव बदलली. सात वर्षं माझ्या शाळेत मला हे सांगणारं कुणी नव्हतं, बाई. असणारच नव्हतं.

संशयी : त्या बाई तुम्हाला मंचावर भेटल्या की खाली?

आग्रही : खाली. चहाच्या वेळी.

संशयी : तेच मला म्हणायचंय. माझ्या बाबतीतही तसंच झालं, ते सांगते. आठवीतल्या एका मुलीनं पुस्तक परत केलं. आत वहीच्या पानाचा चौथा भाग, चार घड्या घातलेला. त्यावर लिहिलं होतं, ‘पाळीवर पुस्तक आहे का? माझं नाव लिहू नका.’ पुस्तक होतं, चांगलं होतं, पण कुलपात होतं. आणि ‘नाव लिहू नका’ हे तिनं का लिहिलं, ते मला वाचताक्षणी कळलं. देवघेवीची वही टेबलावर उघडी असते. रांगेतलं पुढचं मूल आधीच्या मुलानं काय नेलं ते वाचतं, मोठ्यानं वाचतं. 16 वर्षं ती वही मी तशीच उघडी ठेवत होते. नोंद न करता पुस्तक द्यावं तर हरवल्यावर जबाबदार मी. नोंद करावी तर ती मुलगी पुन्हा काही मागणार नाही. आमच्या अभ्यासक्रमात वर्गीकरण होतं, तालिकीकरण होतं. या चिठ्ठीचं काय करायचं ते नव्हतं. पुढे एका परिषदेत जेवणाच्या रांगेत एक ग्रंथपाल भेटल्या, आश्रमशाळेतल्या. मी सहज विषय काढला. त्या म्हणाल्या, मी अशी चार पुस्तकं खिडकीजवळच्या उघड्या मांडणीत सगळ्यात खाली ठेवते, विज्ञानाच्या पुस्तकांत मिसळून. सगळ्यांना सारखंच खाकी वेष्टन, कण्यावर फक्त आकडा. तिथं बसून वाचायला नोंद लागत नाही. शनिवारी चार आहेत का ते मोजते. महिनाभर एखादं दिसलं नाही तरी शोधत नाही, कुणाच्या तरी दप्तरात ते काम करत असतं. एवढं बोलून त्या पुढे गेल्या, हातात ताट होतं. सर, त्या दोन दिवसांत मला जे मिळालं ते एवढंच. पण त्यानं माझं ग्रंथालय बदललं. त्या बाई त्या परिषदेत वक्त्या नव्हत्या. त्यांनी निबंध वाचला नव्हता. इतिवृत्तात त्यांचं नाव कुठंच नाही.

आग्रही : म्हणजे ती रांग तिथं लागली म्हणून त्या भेटल्या, हे तर मान्य कराल? आश्रमशाळेतल्या ग्रंथपाल आणि तुम्ही एरवी कुठल्या कारणानं एका छपराखाली आला असता? पण मला आणखी एक म्हणायचं आहे, आणि ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. खाकी वेष्टनाचा उपाय मला पुरता पटलेला नाही. पाळीचं पुस्तक झाकून ठेवलं की मुलीला पहिला धडा मिळतो तो लपवण्याचा. माझ्या मते ते पुस्तक उघड्या मुखपृष्ठासह, इतर आरोग्याच्या पुस्तकांबरोबर, मुलामुलींना सारखंच दिसेल असं ठेवावं. तुम्ही म्हणाल, मग त्याला हात कोण लावणार? तुमचंही खरं आहे. यावर तासभर बोलता येईल. आपल्या कामातला हा खरा वाद आहे, आणि तो जेवणाच्या रांगेत सुटत नाही. तो सभागृहात, दहा शाळांतल्या दहा ग्रंथपालांसमोर घालायचा वाद आहे. रांगेत तुम्हाला एक उपाय मिळाला, पण त्या उपायाची तपासणी झाली नाही. हाताला लागलेली युक्ती आणि व्यवसायाचं ज्ञान यात माझ्या मते एवढाच फरक असतो की ज्ञानावर आपण कुणालातरी आक्षेप घेऊ दिलेला असतो.

संशयी : पटलं. मुलगी काय शिकते, या बाजूनं मी विचार केला नव्हता. तरी वेष्टन मी काढणार नाही, निदान या वर्षी नाही. चिठ्ठीला चार घड्या घालणारी मुलगी उघड्या मुखपृष्ठापर्यंत पोचायला वेळ लागेल.

आग्रही : वेष्टनाचं नंतर बोलू. परिषदेला का यावं, यासाठी ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचंच बघा. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा होते गणिताचे प्राध्यापक. नव्या खुर्चीत त्यांचा जीव रमेना, परत शिकवायला जावंसं वाटू लागलं. त्याच वर्षी त्यांना लंडनला पाठवलं गेलं. तिथं शिकताना त्यांनी शंभरावर ग्रंथालयं पायाखाली घातली. कुठं मुलांचा विभाग कसा आहे, कुठं पुस्तकं खुली आहेत, कुठं बंद, हे पाहिलं. एका दुकानात खेळण्यातल्या सुट्या पट्ट्या आणि स्क्रू जोडून वेगवेगळ्या वस्तू करून दाखवत होते, त्यावरून त्यांना पुस्तकांच्या द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना सुचली. मद्रासला परतल्यावर पुढची जवळजवळ 20 वर्षं त्यांनी ती खुर्ची सोडली नाही. कामाचा कंटाळा आलेल्या माणसाला दुसऱ्यांचं काम पाहिल्यावर आपल्या कामाचा अर्थ लागला. आणि ग्रंथालयशास्त्राची त्यांची पाच सूत्रं, जी 1931 साली पुस्तकरूपानं आली, ती त्यांनी जाहीरपणे पहिल्यांदा मांडली 1928 मध्ये, अण्णामलाईनगरला, शिक्षण परिषदेत. समोर शिक्षक होते. परिषदांना मी इतकं का धरून बसलोय, ते यावरून तुमच्या लक्षात येईल.

संशयी : तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूचं निघतं. एक तर रंगनाथन लंडनला व्याख्यानं ऐकून बदलले, असं तुम्ही म्हणत नाही. ग्रंथालयं फिरून बदलले म्हणता. दुसरं, त्यांना विद्यापीठानं पाठवलं. खुर्ची राखून ठेवली, परतल्यावर पाहिलेलं करून बघायचा अधिकार दिला. माझ्याकडे यातलं काय आहे? कार्यशाळेत मला सांगतात, पुस्तकं खुली ठेवा, मुलांना हाताळू द्या. हे मला नव्यानं कळायला हवं होतं असं नाही. पहिल्याच सूत्रात पुस्तकाच्या वापराची गोष्ट आहे. मी कपाटाला कुलूप लावते ते अज्ञानानं नाही. एका वर्षी साठ्याची मोजणी झाली आणि 11 पुस्तकं कमी भरली. त्यांची किंमत माझ्याकडून भरून घेतली, तेव्हा मी अर्धवेळ होते. रक्कम मोठी नव्हती. पण कार्यालयात उभं राहून भरलेल्या त्या पैशांनी मला जे शिकवलं, ते कुठल्याही कार्यशाळेनं पुसलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी किल्ली पदराला बांधली. अशी किल्ली बांधलेल्या बायका आणि पुरुष तुमच्या सभागृहात ओळीनं बसलेले असतात, आणि समोरून कुणीतरी त्यांना खुल्या मांडणीचे फायदे सांगत असतं. फायदे त्यांनाही माहीत आहेत. त्यांना भीती आहे. त्या भीतीचं काय करायचं, यावर सत्र ठेवा. मी पहिल्या रांगेत बसेन.

आग्रही : हेच सत्र मी ठेवणार आहे आणि त्यात सांगायला माझ्याकडे एक गोष्ट आहे. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम आहेत, 2017 चे. त्यातल्या 215 व्या नियमात ग्रंथालयाच्या साठ्याबद्दल लिहिलं आहे. वर्षभरात दिलेल्या आणि हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं हरवली तर ते वाजवी समजावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक हरवलं तर चौकशी करावीच लागते, पण आपल्याकडच्या गोष्टींच्या पुस्तकांची किंमत तेवढी कुठं असते? आता हिशेब करा. तुमची वर्षाची देवघेव 6,000 असेल, तर या मापानं 30 पुस्तकांपर्यंतची घट वाजवी ठरते. तुमची 11 होती. म्हणजे ज्या वर्षी तुम्ही पैसे भरलेत, त्या वर्षी या नियमाच्या मापानं तुमचं ग्रंथालय उत्तम चाललं होतं. हा नियम मला ठाऊक नव्हता. केंद्रीय विद्यालयातल्या एका ग्रंथपालांनी एका चर्चासत्रात उभं राहून सांगितला, आणि हा नियम सभागृहातल्या कितीजणांनी कधी ऐकला आहे, असं विचारलं. चार हात वर आले. बाई, तुम्ही त्या वर्षी हा कागद हातात घेऊन कार्यालयात गेला असतात तर?

संशयी : (तुमच्या 30 च्या आकड्यावर मी थोडी थांबलेय. तेव्हा माहीत असतं तर निदान रात्री झोप लागली असती.) पण काय झालं असतं ते सांगते. मला उत्तर मिळालं असतं की हा नियम केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी आहे, आपली अनुदानित खासगी शाळा आहे. आणि ते उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतं. म्हणजे ज्ञान मला मिळालं, पण ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला ते मिळालं नाही. तो त्या सभागृहात नव्हताच. आपल्या परिषदांत आपण आपल्यालाच सगळं पटवून देतो. मुख्याध्यापक येतात ते उद्घाटनापुरते. संस्थाचालक शाल घेऊन जातात. लेखापरीक्षक तर कधीच येत नाही, आणि खरं तर 215 व्या नियमाचं सत्र त्याच्यासाठी हवं. आपलं स्थान काय आहे हेही बघा. 1952-53 च्या माध्यमिक शिक्षण आयोगानं, मुदलियार आयोगानं, शाळेत प्रशिक्षित ग्रंथपाल हवा आणि त्याचा दर्जा व वेतन ज्येष्ठ शिक्षकांच्या बरोबरीचं हवं असं म्हटलं होतं. आज आम्ही शिक्षकेतर. लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल, शिपाई, एकाच यादीत. त्या यादीतल्या कुणालाच मी कमी लेखत नाही, पण माझ्यासमोर वर्ग असतो आणि माझी गणना वर्ग नसणाऱ्यांत होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत, हे सगळं त्यात आहे. ते चालवायला माणूस हवा, हे कुठंच नाही. ज्या पदाचं नाव कायद्याच्या अनुसूचीत नाही, त्या पदाच्या विकासाच्या परिषदा आपण भरवतोय.

आग्रही : म्हणूनच भरवायच्या. एकेकट्या ग्रंथपालाचं म्हणणं कुणी ऐकत नाही. अर्धवेळांना पूर्णवेळ करा, ही मागणी कुणी लावून धरली? एका खोलीत जमलेल्या माणसांनीच ना? आणि काही थोडं हललंही आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ग्रंथालय कर्मचाऱ्यांची पुरेशी उपलब्धता, त्यांच्या बढतीच्या वाटा आणि सततचा व्यावसायिक विकास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षकांसाठी त्याच धोरणात वर्षाला किमान 50 तास सांगितले आहेत. आपल्यासाठी तासांचा आकडा नाही, नुसता उल्लेख आहे. तो आकडा आपण मागायला हवा. एकदा तास ठरले की ड्युटी रजा आपोआप येते, प्रवासखर्च येतो आणि मुख्याध्यापकांना नाही म्हणता येत नाही. शिक्षकांना 12 आणि 24 वर्षांनंतरच्या वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षण पूर्ण करावंच लागतं. तसं काही आपल्यासाठी झालं तर परिषद ही चैन राहणार नाही.

संशयी : आणि इथंच माझी सगळ्यात मोठी भीती आहे. शिक्षकांच्या त्या प्रशिक्षणांना बसलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. चांगली, मेहनती माणसं. पण ज्या दिवशी प्रशिक्षण पगाराला जोडलं गेलं, त्या दिवसापासून त्यांचं लक्ष प्रमाणपत्रावर गेलं. दोष माणसांचा नाही, पगार पोटाशी असतो. उद्या आपले तास मोजले जाऊ लागले की तास भरून देणाऱ्या परिषदा निघतील. नोंदणी शुल्क, छापील निबंधसंग्रह, सहभागाचा कागद. आज माझ्याकडे यायला पैसे नाहीत, पण जी येते ती निदान ओढीनं येते. आश्रमशाळेतल्या त्या बाई ओढीनं आल्या होत्या. सक्तीच्या परिषदेत त्या जेवणाच्या रांगेत बोलल्या असत्या, की सही करून चार वाजताची एसटी धरली असती?

आग्रही : ओढीनं येणारेच खरे, असं म्हटलं की ज्यांच्या घरून परवानगी मिळते, ज्यांच्या हाताशी दोन हजार रुपये असतात, तेच खरे ठरतात. त्या बाईंसारख्या आणखी 50 जणी कधी येऊच शकल्या नाहीत, त्यांची ओढ कशी मोजणार? तास सक्तीचे केल्यावर काही निव्वळ सहीपुरते येतील, हे मी मान्य करतो. पण ती किंमत मी मोजायला तयार आहे.

संशयी : मी तयार आहे की नाही, ते मला अजून कळत नाही. खरंच कळत नाही.

आग्रही : मग एक दुसरं बोलू. परिषदेचं रूप बदललं तर? आपल्याकडे याचा जुना धडा आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. 1911 मध्ये तिथं ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. त्यापाठोपाठ तिथून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघालं, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तिन्ही भाषांत. शिकवायला परदेशातून माणूस आणला, पण गावात पुस्तकांच्या पेट्या घेऊन जाणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायचं, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आपण मात्र मराठी शाळांतल्या ग्रंथपालांना इंग्रजीत निबंध पाठवायला सांगतो. ज्याला इंग्रजी लिहिता येतं त्याला मंच मिळतो. पणजीत ‘बुकवर्म’ ही संस्था 2005 पासून मुलांच्या ग्रंथालयाचं काम करते. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमातून ग्रंथालय शिक्षकांसाठी काही महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. त्यात थोडे दिवस एकत्र यायचं, मग आपल्या ग्रंथालयात परत जाऊन तिथं करून बघायचं, आणि पुन्हा एकत्र येऊन काय झालं ते सांगायचं. मला ही रीत आवडते, कारण त्यात सोमवारची सहावी ब परिषदेच्या बाहेर राहत नाही. तुम्ही मराठीत लिहा, बाई. त्या चिठ्ठीवर लिहा. 11 पुस्तकांवर लिहा. आपल्या परिषदेत पहिलं भाषण तेच होऊ दे.

संशयी : चिठ्ठीवर मी लिहिणार नाही. ती मुलगी आता कॉलेजात असेल, पण तिनं मला नाव लिहू नका असं सांगितलं होतं, आणि गाव लहान आहे. हे तुम्हाला सांगितलं, ते इथंच. आपल्या कामातला मोठा भाग असाच आहे, सर, तो मांडता येत नाही. निबंधात प्रस्तावना, उद्दिष्टं, नमुना निवड, तक्ते, निष्कर्ष लागतात. मला जे येतं ते असं आहे, की मूल मांडणीसमोर उभं राहिलं की त्याच्या उभं राहण्यावरून मला कळतं, ते पुस्तक शोधतंय की तास टाळतंय. तास टाळणाऱ्यालाही मी पुस्तक देते, पण वेगळं. हे मी तक्त्यात कसं घालू? दाखवू शकेन फक्त. आणि दाखवायचं तर मुलं हवीत, मांडणी हवी, सहावी ब हवी. ती सभागृहात आणता येत नाही.

आग्रही : मग सभागृहच तुमच्याकडे येऊ दे.

संशयी : म्हणजे?

आग्रही : पाचजण. पाच शाळांतले ग्रंथपाल, एक दिवस तुमच्या ग्रंथालयात. तुम्ही नेहमीसारखं काम करायचं, आम्ही बघायचं. शाळा सुटल्यावर दोन तास बोलायचं. वेष्टनावरही बोलू, मी माझा आक्षेप सोडलेला नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या शाळेत. रंगनाथनांनी शंभर पाहिली, आपण वर्षात दहा पाहू.

संशयी : बुधवारी या. सहावी बची तासिका तिसरी असते. मागच्या बाकावर बसा, मुलांशी बोलू नका, फोटो काढू नका. फोटो निघाला की मुलं फोटोसाठी वाचतात, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी मी दरवर्षी ते बघते. आणि खिडकीजवळच्या खालच्या मांडणीकडे कुणी जाऊ नका, निदान मुली असेपर्यंत.

आग्रही : मान्य.

संशयी : पण सर, तुम्ही पाचजण येणार म्हणजे त्या दिवशी पाच शाळांची ग्रंथालयं बंद. शिक्षक रजेवर गेला की बदली तास लागतो, आपल्या जागी कुणी नसतं. आणि परिषदेचं पत्र दाखवलं तर निदान ड्युटी रजा मागता येते. इथं ना संस्था, ना पत्र, ना प्रमाणपत्र. तुम्ही अर्जात कारण काय लिहिणार?

आग्रही : ‘शाळेला भेट’ असं लिहीन.

संशयी : मुख्याध्यापक विचारतील, कुणाच्या आदेशानं?

आग्रही : मग किरकोळ रजा टाकीन.

संशयी : तुम्ही टाकाल. तुमच्याकडे शिल्लक आहे. त्या उरलेल्या चौघांत एक अर्धवेळ असेल, तिचं काय?

आग्रही : तिचं अजून सुचलेलं नाही. बुधवारपर्यंत विचार करतो.